स्कॉटिश आडनावाचं टार्टन कसं मिळवायचं: पहिल्यांदाच शोधणाऱ्यांसाठी

भाचीचं लग्न ठरलं, मुलगा स्कॉटिश, आडनाव मिलर. ताईचा पुण्याहून फोन आला की जावयाच्या मानपानात त्याच्या घराण्याचं टार्टन आपल्याकडून जायला हवं, तू तिथे राहतेस तर तू बघ. मला वाटलं यात काय बघायचंय, एडिंबराच्या रॉयल माइलवर पावलापावलावर टार्टनची दुकानं आहेत, आडनाव सांगायचं आणि कापड घेऊन यायचं. तसंच केलं. काउंटरवरच्या मुलीनं कंप्युटरवर मिलर टाकलं, स्क्रीनवर मॅकफार्लेन आलं, मी मफलर आणि टाय बांधून घेतला आणि खुशीत घरी आले. पुढच्या रविवारी मुलाच्या आजीला दाखवला, तिनं मफलर दोन बोटांत धरून चुरगाळून बघितला, लोकर चांगली आहे म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली की मॅकफार्लेन म्हणजे लॉख लोमंड तळ्याच्या बाजूचे लोक, आमचं तिकडे कुणीच नव्हतं गं, आम्ही डंडीचे.

तेव्हापासून या विषयात शिरले ती शिरलेच. आता आपल्यातल्या बऱ्याच घरांत असे जावई-सुना आहेत, इथे ब्रिटनमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आणि प्रत्येक जण तेच विचारतो की अमुक आडनावाचं टार्टन कुठे मिळेल. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

आधी एवढं समजून घ्या

टार्टन म्हणजे त्या चौकड्याच्या कापडाचं डिझाइन, किल्ट म्हणजे त्याचं शिवलेलं, पुरुष कमरेला घालतात ते चुण्यांचं वस्त्र. दोन्ही एक नाही, दुकानात गोंधळ नको. आणि आडनावाला टार्टन चिकटलेलं असतं असं आपल्याला वाटतं ते पूर्ण खरं नाही, अमुक आडनावाच्या माणसानं अमुकच घालावं असा कुठलाही कायदा नाही. चौकड्याचं लोकरी कापड स्कॉटलंडात फार जुनं आहे, ग्लेन अ‍ॅफ्रिकच्या दलदलीत सापडलेला एक तुकडा तपासला तर तो साधारण १५०० ते १६०० च्या दरम्यानचा निघाला. पण एक घराणं म्हणजे एक टार्टन ही पद्धत बरीच अलीकडची. कलोडनच्या लढाईत बंडखोर हरले, त्यानंतर १७४६ मध्ये हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाच्या, पोशाखावर बंदी आणणारा कायदा झाला तो १७८२ पर्यंत होता, म्हणजे छत्तीस वर्षं, एक अख्खी पिढी त्याच्याशिवाय वाढली. मग १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीनं क्लॅनच्या, म्हणजे तिथल्या कुळांच्या, प्रमुखांना पत्रं पाठवली की तुमच्या टार्टनचा नमुना सही-शिक्क्यानिशी पाठवा, तर काही प्रमुखांना स्वतःलाच माहीत नव्हतं आपलं कुठलं ते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटनं सगळा समारंभ आखला आणि सगळ्यांना टार्टन घालून या म्हणून सांगितलं, तेव्हा तर मागणीचा पूर आला. बॅनकबर्नचे विल्सन म्हणून मोठे विणकर होते, त्यांच्या नमुन्यांच्या वहीत सुरुवातीला कित्येक टार्टनना नुसते नंबर होते, कुणाला गावाचं नाव होतं, क्लॅनची नावं मागाहून लागत गेली.

हे वाचून काही जण म्हणतात मग हे सगळं खोटंच की. मला तसं अजिबात वाटत नाही. दोनशे वर्षं लोकांनी लग्नात, मर्तिकात, लढाईवर जाताना जे अंगावर घातलं ते त्यांचंच झालं, त्याला आणखी कुठला पुरावा लागतो? फक्त हा इतिहास माहीत असला की ‘तुमच्या रक्तातलं टार्टन’ असं सांगून कोणी काही विकायला लागलं तर आपण थांबून दोन प्रश्न विचारू शकतो, एवढाच त्याचा उपयोग.

पहिली पायरी: दुकान नाही, घर

मी इथेच चुकले. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आडनावाचं स्पेलिंग काय होतं (मॅक पूर्ण लिहितात का आखूड, यानं काही फरक पडत नाही, दोन्हींचा अर्थ ‘चा मुलगा’ एवढाच), आजीचं माहेरचं आडनाव काय, पणजीचं काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाव कुठलं. आपल्याकडे पाटील म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो ना, कुठले पाटील? अगदी तसंच. मिलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, आणि गिरणी तर गावोगाव होती, मग सगळे मिलर एका क्लॅनचे कसे असतील? टेलर, स्मिथ, क्लार्क, सगळ्यांचं तेच. धंद्यावरून पडलेली नावं आहेत ही.

घरात माहिती संपली की स्कॉटलंड्स पीपल नावाची सरकारी वेबसाइट आहे तिथे जा. जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी १८५५ पासूनच्या, त्याआधीच्या चर्चच्या वह्या, आणि १८४१ पासूनची दर दहा वर्षांची जनगणना, सगळं तिथे आहे. शोधणं फुकट, पण मूळ पानाचा फोटो बघायचा तर क्रेडिट विकत घ्यावे लागतात, म्हणून आधी नावं-सालं कागदावर जुळवून घ्या आणि मगच पानं उघडा नाहीतर एकाच नावाच्या पाच माणसांवर पैसे जातात. अलीकडच्या नोंदींचे फोटो तिथे दिसत नाहीत, जन्माला शंभर वर्षं, लग्नाला पंचाहत्तर आणि मृत्यूला पन्नास वर्षं व्हावी लागतात. त्यामुळे मधला काळ आजीच्या तोंडूनच घ्यायचा. एडिंबराला येणं झालं तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउस आहे तिथे बसूनही शोधता येतं.

आम्ही दोन संध्याकाळी बसलो, मी, भाची आणि तिचा होणारा नवरा. १८८१ च्या जनगणनेत त्याचा खापरपणजोबा सापडला, डंडीत ज्यूट मिलमध्ये विणकर. माझे वडील मुंबईत गिरणीत साचा खात्यात होते, एकतीस वर्षं. मी त्या पानाकडे बघतच राहिले. हे ज्यूट बंगालमधून बोटीनं डंडीला यायचं आणि तिथल्या साच्यावर विणलं जायचं. लॉख लोमंडच्या मॅकफार्लेनांचा या माणसाशी काय संबंध लावणार?

दुसरी पायरी: सरकारी रजिस्टर

स्कॉटिश पार्लमेंटनं २००८ मध्ये कायदा केला आणि फेब्रुवारी २००९ पासून टार्टनचं सरकारी रजिस्टर सुरू झालं, स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे ते असतं. ऑनलाइन आहे, शोधायला पैसे लागत नाहीत. आडनाव टाका, मग स्पेलिंग बदलून टाका, मग आजीचं आडनाव टाका, मग गाव टाका.

इथे नवख्या माणसाची पहिली गडबड होते, कारण एका नावाला एक टार्टन येत नाही, दहा-वीस येतात. घाबरू नका, प्रत्येक नोंद उघडून वाचा. कुठल्या प्रकारात आहे ते बघा: क्लॅन किंवा घराण्याचं, गावाचं किंवा जिल्ह्याचं, कंपनीचं, फॅशनचं, का एखाद्याचं खासगी. डिझाइन कोणी केलं, कधी केलं, आणि खाली टीप असते ती तर नक्की वाचा, खरी गोष्ट तिथेच असते. ‘ड्रेस’ असं नावापुढे असेल तर साधारण पांढरा जास्त असलेलं, समारंभाचं समजा, ‘हंटिंग’ असेल तर हिरव्या, निळ्या, तपकिरी रंगाचं, शिकारीशी संबंध असायलाच हवा असं नाही.

काही टार्टनवर बंधन असतं तेही तिथेच लिहिलेलं असतं. बाल्मोरल टार्टन १८५३ मध्ये प्रिन्स अल्बर्टनं काढलं, ते राजघराण्याचं आहे, परवानगीशिवाय घालत नाहीत. खासगी टार्टन असेल तर ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय मिल विणून देणार नाही, आणि विचारायलाच हवं, दुसऱ्याच्या देवघरातली मूर्ती आपण न विचारता उचलून आणतो का?

नावाचं काहीच मिळालं नाही तर

हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेक लोक इथेच अडकतात.

एक रस्ता ‘सेप्ट’चा. मोठ्या क्लॅनच्या आश्रयाला असलेली, त्यांच्यात मिसळलेली लहान घराणी म्हणजे सेप्ट. आपल्याकडे एका कुळीत कितीतरी वेगवेगळी आडनावं येतात, तसंच काहीसं समजा. टेलरना कॅमेरॉनमध्ये धरतात, विल्सनना गनमध्ये, मिलरना मॅकफार्लेनमध्ये. या याद्या दुकानांच्या कंप्युटरमध्ये असतात आणि म्हणून तिथे झटकन उत्तर मिळतं. पण एकच आडनाव दोन-तीन क्लॅनच्या यादीतही असतं आणि यादीत नाव आहे म्हणजे तुमच्या घराचा संबंध होताच असं नव्हे. गाव जुळत असेल तर सेप्ट जरूर घ्या. नसेल जुळत तर थांबा.

नावं बदललेलीही असतात. मॅकग्रेगर हे आडनावच १६०३ मध्ये बेकायदा ठरवलं होतं, नाव लावलं तर जिवावर बेतायचं, त्यामुळे कित्येकांनी दुसरी आडनावं घेतली, आणि ती बंदी कायमची उठली १७७४ मध्ये. मग एखाद्या घरात ‘आम्ही मुळातले मॅकग्रेगर’ अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले असतील तर ती हसण्यावारी नेऊ नका, तपासून बघा.

दुसरा रस्ता आईच्या बाजूचा. आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव घेऊन त्याचं टार्टन घालणं इथे चांगलं रुळलेलं आहे, कुणी नाव ठेवत नाही. मला हा रस्ता फार आवडतो, कारण एरवी बायकांची माहेरची नावं कागदांत कुठेतरी दबून जातात आणि इथे ती नातवाच्या अंगावर येतात.

तिसरा रस्ता गावाचा. डिस्ट्रिक्ट टार्टन म्हणतात. एडिंबरा, ग्लासगो, डंडी, अ‍ॅबर्डीन, गॅलोवे, पेस्ली, अशा कितीतरी ठिकाणांची आहेत. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखं आहे हे, माणूस कुठला ते सांगणारं. १७०३ मध्ये छापलेल्या पश्चिमेकडच्या बेटांच्या एका वर्णनात लिहिलंय की कपड्याच्या पट्ट्यांवरून माणूस कुठला ते ओळखता येतं, म्हणजे घराण्यापेक्षा गावाची खूण जुनी आहे असं म्हणायला हरकत नाही. आम्ही शेवटी डंडीचंच टार्टन घेतलं. आजीला फोनवर सांगितलं तर ती काही क्षण बोललीच नाही.

चौथा रस्ता सगळ्यांना चालणाऱ्या टार्टनचा: ब्लॅक वॉच, कॅलेडोनिया, फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड, हंटिंग स्टुअर्ट. घाईचं लग्न असेल, गाव-आडनाव काही कळत नसेल, तर यातलं खुशाल घ्या. ब्लॅक वॉच तर काळा-निळा-हिरवा, कुठल्याही रंगाशी जमतं, तयार माल लगेच मिळतो.

पाचवा रस्ता नवीन टार्टन करायचा, त्याचं खाली लिहिते.

थ्रेड काउंट वाचायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे

टार्टनचं खरं नाव म्हणजे त्याचा थ्रेड काउंट, कुठल्या रंगाचे किती धागे कुठल्या क्रमानं. रजिस्टरवर फुकट खातं उघडलं की तो बघता येतो. समजा असं लिहिलंय: के/४, आर ३२, के ३२, वाय/४. आर म्हणजे लाल, वाय म्हणजे पिवळा, आणि के म्हणजे काळा, कारण बी हे अक्षर निळ्याला दिलेलं आहे. (काळा, लाल, काळा, पिवळा हा क्रम वॉलेस टार्टनचा.) पहिल्या आणि शेवटच्या आकड्याला तिरकी रेघ असते, तिथून डिझाइन उलट फिरतं, आरशात बघितल्यासारखं. म्हणजे काळे ४, लाल ३२, काळे ३२, पिवळे ४, मग परत काळे ३२, लाल ३२, आणि पुन्हा पहिले काळे ४. एक पूर्ण आवर्तन १३६ धाग्यांचं, त्याला सेट म्हणतात. उभ्या धाग्यांत जो क्रम तोच आडव्यात, ताण्यात जे तेच बाण्यात. काही थोडी टार्टनं आरशासारखी फिरत नाहीत, सरळ पुढे पुन्हा सुरू होतात, तीही असतात.

वीण ट्विल असते, दोन धाग्यांवरून दोन धाग्यांखालून, दर ओळीला एक धागा सरकत, म्हणून कापडावर बारीक तिरप्या रेघा दिसतात. लाल ताण्यावर लाल बाणा आला की पक्का लाल, काळ्यावर काळा की पक्का काळा, आणि लालवर काळा आला की मधलाच एक रंग तयार होतो, आपल्या धूपछाव लुगड्यासारखा. त्यामुळे दोन रंगांचं टार्टन घ्या, डोळ्याला तीन रंग दिसतात, सहा रंगांचं घेतलं तर एकवीस. एकदा भिंगाखाली धरून सुईनं धागे मोजून बघा, मी मोजले, त्या पट्टीत लाल बत्तीसच्या बत्तीस भरले. वडील असते तर त्यांना हे कापड दाखवायला फार आवडलं असतं.

रंगाचा घोळ

यात मी पैसे घालवले म्हणून ठासून सांगते. एकच टार्टन तीन-चार रंगछटांत विणतात. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद, १८६० नंतरच्या रासायनिक रंगांसारखे. ‘एन्शंट’ म्हणजे फिकट, झाडापाल्याच्या जुन्या रंगांची आठवण देणारे, निळा आकाशी होतो, हिरवा पोपटीकडे झुकतो, लाल नारिंगी दिसायला लागतो. ‘वेदर्ड’ म्हणजे ऊन-पाऊस खाल्ल्यासारखे, तपकिरी आणि राखाडी. डिझाइन तेच, फक्त छटा वेगळी. मला वाटलं एन्शंट म्हणजे जास्त जुनं, जास्त अस्सल टार्टन, आणि मी वेबसाइटवरून शालीचं कापड तसंच मागवलं. आलं ते इतकं फिकं की नवऱ्या मुलाच्या गडद किल्टशेजारी धरल्यावर कुणाला एका घरचं वाटेना. त्या विक्रेत्याची चूक नव्हती आणि कापून दिलेलं कापड परत घेत नाहीत.

म्हणून नियम ठेवा: आधी स्वॉच, म्हणजे नमुन्याचा तुकडा, मग ऑर्डर. मिल आणि दुकानं थोड्या पैशांत पाठवतात. दिवसा खिडकीशी धरून बघा, रात्री पिवळ्या दिव्याखाली बघा, आणि फोनच्या स्क्रीनवर बघून तर मुळीच ठरवू नका. सगळ्या घराचं एकाच मिलचं, एकाच छटेचं घ्या, कारण दोन मिलचा ‘मॉडर्न’ लालसुद्धा एक नसतो.

कापड किती, कुठलं, कुठून

किल्टला लोकरच घ्या, घट्ट कातलेली वर्स्टेड. वजन औंसात सांगतात: १० किंवा ११ औंस हलकं, १३ मध्यम, १६ जड. जड कापडाच्या चुण्या सुरेख पडतात आणि चालताना मागून छान झुलतात, पण लग्न मे महिन्यात पुण्यात असेल तर १६ औंसात माणूस भाजून निघेल, तिथे १० किंवा ११ बघा. आमचं इथेच सप्टेंबरात होतं म्हणून १३ घेतलं.

पुरुषाच्या पूर्ण किल्टला परंपरेनं आठ वार लागतं, आपल्या नऊवारीला एक वार कमी. पण हे आठ वार एकेरी पन्ह्याचं. मिलचं कापड बहुधा दुहेरी पन्ह्याचं येतं, साधारण ५४ ते ६० इंच, मग चार वार पुरतं, शिवणारा मधून कापून जोडतो. ऑर्डर देताना पन्हा विचारल्याशिवाय वार सांगू नका नाहीतर दुप्पट कापड येऊन पडेल. आणि किल्ट शिवणाऱ्याला आधी विचारा, कारण सेट मोठा असला किंवा माणूस अंगानं भरलेला असला तर जास्त लागतं.

तयार टार्टन असेल तर सेल्कर्कचं लॉखकॅरन, फॉरफरचं स्ट्रॅथमोर अशा मिलच्या याद्या बघा, एकाकडे नसलं तर दुसऱ्याकडे असतं. गावाची आणि कमी चालणारी टार्टनं सगळे ठेवत नाहीत. कुणाकडेच नसेल तर थ्रेड काउंट देऊन खास विणून घ्यायचं, मिलला कमीत कमी किती वार विणता असं विचारा, काही जण एका किल्टपुरतंही विणतात, अर्थात भाव चढा असतो. विणायला आणि मग हातानं शिवायला मिळून चार-पाच महिने हाताशी ठेवा. लग्नाची तारीख ठरली की पत्रिकेच्या आधी टार्टन.

टाय, मफलर, पॉकेटचा रुमाल एवढंच हवं असेल तर यातलं फारसं काही बघायची गरज नाही, नाव आणि छटा जुळली की झालं.

नवीन टार्टन नोंदवायचं असेल तर

पुष्कळ जणांना हे माहीत नसतं की कुणीही नवीन टार्टन काढून रजिस्टरमध्ये नोंदवू शकतं, स्कॉटिश असायलाच हवं असं नाही. ‘सिंग’ नावाचं टार्टन स्कॉटलंडात आहेच. तेव्हा मिलर आणि कुलकर्णी अशा दोन घरांचं मिळून एक टार्टन हवं असेल तर करता येतं.

कायद्याप्रमाणे टार्टन म्हणजे दोन किंवा जास्त रंगांच्या पट्ट्या उभ्या-आडव्या येऊन पुन्हापुन्हा येणारी चौकडी, आणि ती विणता येण्यासारखी हवी. अर्जात रंगीत चित्र, थ्रेड काउंट, रंगांची नावं, टार्टनचं नाव, आणि त्या नावाशी तुमचा काय संबंध ते लिहायचं. फी ७० पौंड, भरण्याआधी साइटवर एकदा खात्री करून घ्या. डिझाइन आधीच्या नोंदींपेक्षा वेगळं हवं आणि नावही आधी कुणी घेतलेलं नको, म्हणून रंगवत बसण्याआधी शोधून घ्या. विणलेला तुकडा जोडला तर चांगलं, पण त्याच्यावाचून अर्ज अडत नाही. क्लॅनच्या नावानं नोंदवायचं असेल तर त्या क्लॅनच्या प्रमुखाची संमती लागते, आपल्या मनानं ‘नवीन कॅमेरॉन टार्टन’ काढता येत नाही. आणि नोंद झाली म्हणजे कॉपीराइट मिळाला असं नाही, ती फक्त नोंद असते.

डिझाइन करताना रंग कमी ठेवा, चार-पाच पुरे. स्क्रीनवर सुंदर दिसणारी दोन धाग्यांची बारीक रेघ लोकरीत दिसेनाशी होते. पांढरा फार वापरला तर लांबून टेबलक्लॉथ वाटतो. दोन घरांचे रंग घ्यायचे असतील तर आधी मोठ्या पट्ट्या कुणाच्या ते ठरवा, यावर दोन्हीकडच्या आयांना एकत्र बसवलेलं बरं.

जाता जाता एक. ‘घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून जे फ्रेम करून विकतात ते घेऊ नका. स्कॉटलंडात कोट ऑफ आर्म्स हे एका माणसाचं असतं, आडनावाचं नसतं, आणि ते लॉर्ड लायन, म्हणजे मानचिन्हांचा कारभार बघणारा सरकारी अधिकारी, त्याच्या कोर्टाच्या अखत्यारीत येतं, तिथे खरोखर कायदा लागू आहे.

आणि आपल्या बायकांचं काय

साडीवर टार्टन कसं घ्यायचं हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. सॅश म्हणजे टार्टनचा लांब पट्टा, साधारण ओढणीएवढा, खांद्यावर ब्रोचनं अडकवायचा. इथल्या रीतीप्रमाणे तो उजव्या खांद्यावरून घेतात, डावा खांदा क्लॅनच्या प्रमुखाच्या बायकोचा वगैरे मान. आणि आपला पदर डाव्या खांद्यावर. म्हणजे दोघांची जागा आपसूकच वेगळी आहे, एकावर एक येत नाही. भाचीनं हिरवी पैठणी नेसली होती, पदर डावीकडे, डंडीचा सॅश उजवीकडून कमरेपाशी आणून गाठ मारलेला, आणि आजीनं स्वतःचा चांदीचा ब्रोच तिला लावून दिला. फक्त ब्रोचची पिन जाड असते, ती सॅशमधून ब्लाउजमध्ये घाला, आतून कापडाचा एक छोटा चौकोन ठेवून. पैठणीत घालू नका, जरीला एकदा भोक पडलं की ते मोठंच होत जातं.